जुन्या पिकअप गाडीचीं आसनें कशीं बदलावीं

कांदा, टोमॅटो व द्राक्षें पिकविणाऱ्या आमच्या भागांत बैलगाडीची जागा प्रथम ट्रॅक्टरनें व मागून पिकअप या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या हलक्या मालमोटारीनें घेतली, त्यास आतां बराच काळ लोटला. त्यामुळें हल्लीं पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारांत दहा, पंधरा किंवा त्याहूनहि अधिक वर्षें चाललेली गाडी उभी दिसते. अशा गाडीचें इंजिन, टायर व पाटे यांकडे मालक लक्ष देतो, कारण तीं बिघडलीं तर गाडी चालतच नाहीं. आसनाचें तसें नाहीं. आसन कितीहि मोडकळीस आलें तरी गाडी बाजारास जाते; म्हणून त्याची दुरुस्ती पुढील हंगामावर पडते, आणि पुढील हंगामीं भाव पडला म्हणजे त्याच्याहि पुढील हंगामावर जाते. शेवटीं गादींतील तार वर येऊन चालवणाऱ्यास टोंचूं लागली, कीं गाडी गादीवाल्याकडे नेऊन वरून नवें रेक्झिन चढवितात व काम झालें असें समजतात.

आमच्या मतें हा क्रम उलटा आहे. मोटारीचें आसन म्हणजे ओसरीवरील बैठक नव्हे. माणसास गाडीशीं धरून ठेवणारा तो एक भाग आहे, आणि त्याचें बळ रेक्झिनांत किंवा गादींत नसून खालच्या पत्र्यांत, बोल्टांत व पट्ट्यांत आहे. सबब हें काम खालून वर करीत यावें. कापडाचा रंग सर्वांत शेवटीं ठरवावा.

इतका विचार करण्याजोगी ही बाब आहे काय, अशी शंका कोणी घेईल. ज्यानें लासलगांव किंवा पिंपळगांव बसवंत येथील बाजार-आवारांत गाड्यांच्या रांगेंत बसून अर्धा दिवस काढला आहे, तो ती घेणार नाहीं. तेथें मोकळा कांदा वाहनांतच ठेवून लिलाव पुकारतात. गाडी हात-दोन हात पुढें सरकत राहते व चालवणाऱ्यास जागचें उठतां येत नाहीं. तथापि खरा त्रास परतीच्या वाटेवर होतो. पिकअपचे मागील पाटे भरलेल्या गाडीच्या वजनास बेताचे केलेले असतात. माल भरला असतां ते दबून धक्का पोटांत घेतात. गाडी रिकामी असतां ते जवळजवळ ताठ राहतात व रस्त्यांतील प्रत्येक खड्डा आसनापर्यंत पोंचवितात. बसलेल्या माणसाच्या शरीरास सेकंदास सुमारें चार ते आठ वेळां होणारें उभें हादरणें सर्वांत बाधतें. आंतरराष्ट्रीय मानक-संस्थेनें या विषयावरील २६३१ क्रमांकाचें मानक १९७४ सालीं प्रसिद्ध केलें, त्यांतहि याच टप्प्यास अधिक वजन दिलेलें आहे. असे हादरे वर्षानुवर्षें खाल्ल्यानें कंबरेचें दुखणें जडतें, हें आतां सर्वमान्य आहे. महसूल खात्यांत असतां पैसेवारीच्या व पंचनाम्यांच्या कामीं आम्हीं कचेरीच्या जुन्या जीपमधून पुष्कळ हिंडलों. त्या जीपच्या मागील बाकावर बसून दिवसभर फिरलेला कारकून दुसऱ्या दिवशीं उभ्यानेंच टिपणी लिहीत असे, व साहेबांस ती कामाची तत्परता वाटे.

जुनें आसन काढण्यापूर्वीं तीन मापें घेऊन वहींत लिहून ठेवावीं. गाडी नेहमीं जो चालवितो त्यालाच आसनावर बसवावें, म्हणजे गादी जितकी दबावयाची तितकी दबेल. मग दबलेल्या गादीपासून तळपत्र्यापर्यंतची उंची, पाठीच्या टेक्यापासून क्लचच्या पेडलपर्यंतचें अंतर, आणि डोक्यापासून छतापर्यंतची मोकळी जागा हीं सुतळीनें मोजावीं. नवें आसन बसविल्यावर हींच मापें पुन्हां घ्यावीं. गादीवाला उदार होऊन दोन इंच अधिक जाडी देतो व मालकास तें बरें वाटतें. परंतु त्या दोन इंचांनीं पाय अधांतरीं राहतो, क्लच पुरता दबत नाहीं व गुडघा चाकास घासतो. आडव्या बांध्याच्या मालकानें आपल्या मापाचें आसन करून घ्यावें व गाडी उंच मुलानें चालवावी, असेंहि घडतें. आसन जो चालवितो त्याच्या मापाचें असावें, ज्याच्या नांवें गाडी आहे त्याच्या मापाचें नव्हे.

काढण्याच्या कामास हात घालण्यापूर्वीं बॅटरीची ऋण बाजूची तार सुटी करावी. आसनाचे बोल्ट खालून चिखलपाणी लागून बहुधा गंजलेले असतात. त्यांस गंज सोडविणारें तेल लावून रात्रभर राहूं द्यावें व सकाळीं पाना लावावा. घाई करून ज्योतीनें तापविण्याचा उद्योग करूं नये. तळपत्र्याखालून डिझेलच्या व ब्रेकच्या नळ्या आणि विजेच्या तारा गेलेल्या असतात. विलीज बनावटीच्या जुन्या जीपमध्यें तर पेट्रोलची टांकीच चालकाच्या आसनाखालीं असे; तशी गाडी कोणाजवळ अद्यापि असल्यास टांकी उतरविल्याशिवाय तेथें वेल्डिंगची ठिणगीहि पडूं देऊं नये. २००५ सालीं बाजारांत आलेली टाटा एस, जिला आपण छोटा हत्ती म्हणतों, तिचें इंजिन आसनाखालीं आहे. तेथें आसन उचलून इंजिनास हात घालावयाचा असल्यानें नवें आसनहि तसेंच उचलतां येईल असें ठेवावें, आणि उष्णता व धूर अडविणाऱ्या कडेच्या रबरी पट्ट्या जशाच्या तशा परत बसवाव्या.

आसन निघाल्यावर खालची जागा धुऊन, घासून नीट पाहावी. हा या सर्व कामाचा गाभा आहे व येथेंच बहुतेक लोक चुकतात. शेतकऱ्याच्या गाडीचा तळपत्रा शहरांतील गाडीच्या मानानें लौकर कुजतो, व त्याचें कारण आपल्याच संवयींत आहे. पाऊस आला म्हणजे खताची फुटकी गोणी मागें भिजूं नये म्हणून आपण ती पुढें पायांशीं ठेवतों. त्यांतून सांडलेलें खत, विशेषतः म्युरेट ऑफ पोटॅश, हें मिठाच्याच जातीचें असल्यामुळें ओल धरून लोखंड खातें. वर ओलें पोतें किंवा रबरी चटई अंथरलेली असली म्हणजे आंत काय चाललें आहे तें दिसतहि नाहीं. बोल्टाच्या भोंकाभोंवतीं जाड पेंचकसानें दाबून पाहावें. पत्रा आवाज देऊन ताठ राहिला तर बरें. पापुद्रे सुटले किंवा पेंचकस आंत शिरला, तर तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडल्याशिवाय पुढें जाऊं नये. वरून रंग मारला तरी कुजका पत्रा कुजकाच राहतो. आमच्या गांवच्या एका बागाईतदाराच्या गाडीचें आसन नुकतेंच सुरेख शिवून आलेलें होतें. पुढें रेडा आडवा आला, त्यानें ब्रेक दाबला, तों आसनाचा एक कोपरा पत्र्यासकट उपटून वर आला व त्याचा गुडघा फळीवर आदळला. सुदैवानें गाडी हळू होती.

गाडी हळू नसती तर काय होतें, याचा हिशेब सोपा आहे. ताशीं पन्नास किलोमीटर वेगानें जाणारी गाडी आदळून दोन फुटांत थांबली, तर आंतील माणसास स्वतःच्या वजनाच्या सुमारें सोळापट ओढ लागते. सत्तर किलोंच्या माणसाची ती ओढ अकराशें किलोंच्या वर भरते. म्हणजे पन्नास किलोंच्या कांद्याच्या बावीस गोण्या क्षणभर त्याला पुढें लोटतात. ती ओढ पट्ट्यानें, पट्ट्याच्या बोल्टांनीं व त्याखालच्या पत्र्यानें सोसावयाची. आसनाला स्वतःच्या वजनाचीहि ओढ असतेच. युरोपांतील व अमेरिकेंतील नियमांप्रमाणें आसनाचे सांधे त्याच्या वजनाच्या वीसपट ओढीस टिकले पाहिजेत. अठरा किलोंचें आसन धरलें तर ही ओढ तीनशें साठ किलो होते.

म्हणून बोल्टांच्या बाबतींत काटकसर करूं नये. चांगल्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८ अशी खूण उठविलेली असते. दहा मिलिमीटर जाडीचा असा बोल्ट कायमचा न ताणतां तीन टनांहून अधिक ओढ घेतो, ४.६ खुणेचा, दिसण्यांत तंतोतंत तसाच बोल्ट त्याच्या निम्मीहि घेत नाहीं. ज्याच्या डोक्यावर कांहींच खूण नाहीं तो कुंपणास वापरावा. मूळ भोंकें सोडून नवीं पाडण्याची वेळ आल्यास, पत्र्याच्या खालच्या अंगास चार इंच लांब-रुंद व निदान एक सूत जाड लोखंडी पट्टी देऊन बोल्ट तिच्यांतून घ्यावा, नुसत्या वायसरावर भरंवसा ठेवूं नये. वायसर लहान असल्यानें पत्र्यांतून भोंक पाडून वर येतो. पट्टी ओढ वांटून देते. भोंक पाडण्यापूर्वीं खालीं निजून नळी किंवा तार आड येत नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें. बोल्ट बसविण्यापूर्वीं उघड्या लोखंडास रेडॉक्साईड लावावें.

आतां पट्टा. वाहनांत आज सर्वत्र दिसणारा खांद्यावरून व कंबरेवरून जाणारा तीन टोंकांचा पट्टा व्होल्वो कंपनींतील निल्स बोहलिन या अभियंत्यानें १९५९ सालीं सिद्ध केला. आपल्या देशांत १९९४ पासून हलक्या मोटारींच्या पुढील आसनांस पट्टे देणें बंधनकारक झालें, व २०१९ च्या दुरुस्तीपासून पट्टा न लावणारास कलम १९४-ब प्रमाणें एक हजार रुपये दंड आहे. परंतु जुन्या पिकअपमधील पट्टे पाहिले तर कोणाचा आसनाच्या सांदींत गेलेला, कोणाचा उंदरांनीं कुरतडलेला, व कोणाचा गाडींतील माल बांधण्यास नेलेला आढळतो. आसन निघालेलें असतांना हें काम पुरें करून घ्यावें. पट्टा पूर्ण ओढून त्याची वीण, शिवण व कडा तपासाव्या. एकदम हिसका दिला असतां तो जागच्या जागीं अडकला पाहिजे. वीण फाटलेला, किंवा ज्या गाडीस मोठा अपघात झाला तींतील पट्टा शिवून अथवा गांठ मारून वापरूं नये, नवाच घ्यावा. त्याचे बोल्ट विशेष आट्यांचे असतात. दुकानांतील दुसरा बोल्ट दोन फेरे जाऊन अडकला म्हणजे तो बसला असें नव्हे.

येथें भंगार बाजारांतून दुसऱ्या मोटारीचें आसन आणणारांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. कांहीं मोटारींत पट्ट्याची कडी तळपत्र्यास नसून आसनाच्या सांगाड्यासच जडविलेली असते. तशा आसनावर बसणाऱ्याची सर्व ओढ आसनाच्या चार बोल्टांवर येते, व त्या मोटारीचा तळ तेवढ्याकरितां मजबूत केलेला असतो. आपल्या गाडीचा तसा असेलच असें नाहीं. म्हणून अशा वेळीं गाडीच्या मूळ जागच्याच कड्या वापराव्या. आसनाच्या कुशींत पिवळ्या आवरणाची तार किंवा जोडणी दिसली, तर त्यांत अपघातसमयीं फुगणारी हवेची पिशवी आहे असें समजावें व त्या आसनास हात लावूं नये. ती अवेळीं फुटल्यास माणूस जखमी होतो. याशिवाय सांगाडा सपाट जमिनीवर ठेवून तो वाकडा नाहीं हें पाहावें. आसन मागेंपुढें सरकविण्याचे दोन रूळ असतात. दोहोंचे खटके एकदमच पडले पाहिजेत. एका बाजूचाच खटका धरीत असेल तर आसन ब्रेकसरशीं तिरपें फिरतें. आमचा सल्ला विचाराल तर, परक्या मोटारीच्या दिमाखदार आसनापेक्षां आपल्याच जातीच्या गाडीचें साधें आसन बरें. तें मूळ भोंकांवर बसतें व निम्मी कटकट वांचते.

कागदपत्रांविषयीं थोडें लिहिणें आमच्या संवयीचा भाग आहे, वाचकांनीं तें सोसावें. गाडींत किती माणसें बसावयाचीं हा नोंदणी-पुस्तकांतील तपशील आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ असें सांगतें, कीं गाडींत असा फेरफार करूं नये कीं जेणेंकरून नोंदणींतील तपशील मूळ उत्पादकानें दिलेल्या तपशिलाशीं जुळणार नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें घातलेल्या कलम १८२-अ प्रमाणें असा बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकास दर फेरफारामागें पांच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊं शकतात. गादी, फोम, कापड बदलणें किंवा त्याच जातीचें आसन घालणें यानें तपशील बदलत नाहीं. पण तिघांचें सलग बाक काढून दोन सुटीं आसनें घालणें, किंवा दोघांच्या जागीं तिघांचें बाक घालणें, हा बदल आहे. मग माणसें वाढोत कीं कमी होवोत. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीस योग्यतेचा दाखला दरवर्षीं घ्यावा लागतो. आसनांचें काम त्यापूर्वीं उरकलें म्हणजे तेथें प्रश्न उरत नाहींत.

विम्याची बाब याहून गंभीर आहे. मालवाहू गाडींत स्वतःच्या मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्यानें अधिकार दिलेला प्रतिनिधी यांस १९९४ च्या दुरुस्तीनें विम्याच्या कक्षेंत घेतलें. फुकट बसून आलेला उतारू त्यांत येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं स्पष्ट केलें आहे. आसन रुंद केलें म्हणून कायद्याच्या दृष्टीनें जागा वाढत नाहीं. बाजाराच्या दिवशीं वाटेंत भेटलेल्या पाहुण्यांस ‘या, दाटीवाटीनें बसूं’ असें म्हणणारानें हें ध्यानांत ठेवावें. उद्यां कांहीं घडलें तर भरपाईचा बोजा जमिनीवर येतो, आणि अशी गेलेली जमीन आम्हीं नोकरींत असतां पाहिली आहे.

एवढें झाल्यावर गादी. पूर्वीं मोटारीच्या आसनांत स्प्रिंगांच्या जाळीवर काथ्या किंवा केंस भरीत. रबर लावलेला नारळाचा काथ्याहि पुष्कळ चालला, व उंदरांस तो फार आवडे. पॉलियुरेथेन हा पदार्थ जर्मनींत ओटो बायर व त्याचे सहकारी यांनीं १९३७ सालीं सिद्ध केला, व पुढें त्याच्या फोमनें ही सर्व जागा घेतली. दुकानदार फोम ‘चाळीस डेन्सिटी’, ‘बत्तीस डेन्सिटी’ असा विकतो. त्याचा अर्थ एक घनमीटर फोमचें वजन तितके किलो, एवढाच आहे. यावरून शेतकऱ्यास परीक्षा करतां येते. वीस इंच लांब, वीस इंच रुंद व चार इंच जाड असा तुकडा चाळीसचा असेल तर सुमारें एक किलो पन्नास ग्राम भरतो. तो सहाशें ग्राम भरला तर दुकानदारास नमस्कार करून बाहेर पडावें. मात्र निरनिराळ्या रंगांचे तुकडे चिकटवून केलेला फोम वजनास याहून बराच जड असतो, तेव्हां कापलेली कडाहि पाहावी. तो फार कठीण असल्यानें तळाशीं पातळ थर म्हणून चालतो, बसण्यास नव्हे.

हाताला मऊ लागेल तोच फोम चांगला, हा समज सोडावा. फार मऊ गादीवर माणूस झोक्यासारखा वरखालीं होतो, व वर सांगितलेलें सेकंदास चार वेळांचें हादरणें कमी होण्याऐवजीं वाढतें; शिवाय मोठ्या खड्ड्यांत गादी पुरी दबून खालच्या लोखंडाचा ठोसा बसतो. खालीं तीन इंच घट्ट व वर एक इंच मऊ अशी रचना आमच्या पाहण्यांत उत्तम ठरली आहे. गादीची पुढील कड गुडघ्याच्या मागें टोंचूं नये व टेक्यास कंबरेच्या जागीं किंचित् फुगवटा असावा. मात्र टायरांत हवा प्रमाणाबाहेर भरलेली असेल, तर चांगली गादीहि फारसें कांहीं करूं शकत नाहीं.

कापडासंबंधीं फारसें सांगावयाचें नाहीं. रेक्झिन हें मूळचें इंग्लंडांतील एका कंपनीच्या मालाचें नांव. आपण तें सर्वच कृत्रिम चामड्यास देतों. तें पुसून साफ होतें पण उन्हांत तापतें व पाठ भिजवितें. त्यावर जाड सुताची खोळ घालून ती आठवड्यास धुवावी, हें आम्हांस पसंत आहे. घेण्यापूर्वीं त्याचा व फोमचा लहानसा तुकडा घराबाहेर उघड्यावर चिमट्यांत धरून पेटवून पाहावा. भडकन् जळत पुढें पळणारा माल घेऊं नये. फोमच्या धुरांत प्राणघातक वायु असतात आणि बंद केबिनमध्यें बिडी ओढणारे लोक आपल्यांत कमी नाहींत.

काम पुरें झाल्यावर पहिल्या दोन-तीन भरलेल्या खेपांनंतर सर्व बोल्टांस पुन्हां पाना लावावा. नवा रंग व पट्टी दबून ते थोडे सैल पडतात. पुढें दर पावसाळ्यानंतर चटई उचलून तळ वाळवावा.

राहिला जुन्या गादीचा प्रश्न. ती वासरांखालीं अंथरण्याची आपल्याकडे रीत आहे. ती सोडावी, जनावरें फोम चघळतात व तो पोटांत अडकतो. ज्या आसनावर कधीं कीटकनाशकाची बाटली सांडली असेल त्याचा फोम तर धुऊनहि परत वापरूं नये, कारण औषध आंत मुरून राहतें व घामाबरोबर कातडीस लागतें. असा फोम जाळूंहि नये. तो पोत्यांत बांधून मुलांच्या व गुरांच्या आवाक्याबाहेर ठेवावा, व तालुक्याच्या गांवीं कचरा घेणारांस तो कशाचा आहे हें सांगूनच द्यावा.